'ळ' नसलेली लिपी : मृत यंत्राची अनुकृती आणि संहितेचे उत्तरदायित्व

१

हस्तलिखित म्हटले की पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला कागद, शाई, वाळवी आणि लेखनिकाचे प्रमाद आठवतात. माझ्यासमोर संपादनासाठी जे हस्तलिखित आले ते तीन ध्वनिफितींच्या, म्हणजे साध्या कॅसेटींच्या रूपात होते. ते डोळ्यांनी पाहता येत नव्हते आणि कानांनी ऐकू जावे तर नुसती कर्कश किंकाळी ऐकू येत होती. धुळ्याच्या एका शाळेत गणित शिकविणाऱ्या माझ्या मामांनी १९८८ ते १९९१ या काळात घरातल्या स्त्रियांच्या तोंडच्या अहिराणी ओव्या आपल्या घरच्या संगणकावर उतरवून घेतल्या होत्या. त्या ओव्यांची वही नाही. ज्या यंत्रावर त्या उतरविल्या ते यंत्र मामांच्या हयातीतच जुन्या रेडिओबरोबर भंगारात गेले. उरल्या त्या कॅसेटी. मामांच्या निधनानंतर मामींनी त्या जळगावला माझ्याकडे पाठविल्या.

हे यंत्र कोणते होते हे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सारा प्रश्न त्यातूनच निर्माण होतो. ब्रिटनमधील सिंक्लेअर कंपनीने १९८२ साली 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा स्वस्त घरगुती संगणक बाजारात आणला. त्याच्या 'प्लस' या सुधारित रूपाची परवानाधारक भारतीय आवृत्ती पुण्याच्या डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ च्या सुमारास 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने काढली. अठ्ठेचाळीस किलोबाइट स्मृती, पडदा म्हणून घरातला दूरदर्शन संच आणि साठवणुकीसाठी घरातलाच टेपरेकॉर्डर, एवढाच त्याचा संसार होता. मध्यमवर्गीय शिक्षकाला पैसे साठवून घेता येईल असा संगणक त्या काळी याहून वेगळा फारसा नव्हता.

या यंत्राला देवनागरी ठाऊक नव्हती. पडद्यावरचे प्रत्येक चिन्ह आठ गुणिले आठ अशा चौसष्ट ठिपक्यांच्या चौकटीत बसवावे लागे. एका ओळीत अशा बत्तीस चौकटी मावत. वापरणाऱ्याने स्वतःची चिन्हे काढावीत म्हणून एकवीस जागा राखून ठेवलेल्या होत्या, पण एकवीस जागांत देवनागरी बसत नाही. मामांनी दुसरी वाट धरली. यंत्र आपली रोमन अक्षरे ज्या कोष्टकातून उचलते त्या कोष्टकाचा पत्ताच त्यांनी बदलला आणि यंत्राला स्वतः रेखाटलेल्या शहाण्णव चिन्हांच्या कोष्टकाकडे वळविले. एकेक चिन्ह आठ बाइटांचे, सारे कोष्टक ७६८ बाइटांचे. त्यातही रोमन मोठी अक्षरे, अंक आणि काही विरामचिन्हे तशीच ठेवावी लागली, कारण त्यांच्यावाचून स्वतःचा प्रोग्रॅमच वाचता आला नसता. देवनागरीच्या वाट्याला पन्नासेक जागा आल्या.

पन्नास जागांत व्यंजने, अर्धी व्यंजने, स्वर आणि स्वरचिन्हे बसवायची म्हणजे काहींना घराबाहेर काढणे आले. मामांनी ज्यांना बाहेर काढले त्यांत 'ष', 'ज्ञ', 'क्ष' आणि 'ऋ' होते, यात नवल नाही. त्यांनी 'ण' काढला. आणि 'ळ' काढला. अहिराणीत 'ळ'चा उच्चार बहुधा 'य' होतो: डोळा हा 'डोया', काळा हा 'काया', केळी ही 'केयी'. ज्या बोलीसाठी ही लिपी बनत होती त्या बोलीला त्या अक्षराचे काम नव्हते. प्रमाण मराठीतील एक साधा परिच्छेदही या लिपीत लिहिता येत नाही. आजीची ओवी मात्र पुरतेपणी लिहिता येते. देशीवादावर आपल्या नियतकालिकांनी तीन-चार दशके भरपूर शाई खर्च केली. त्याच काळात धुळ्यातला एक गणिताचा शिक्षक ७६८ बाइटांत प्रमाणभाषेला जागा नाकारीत होता, आणि त्याची वार्ता आपल्यापैकी कोणालाच नव्हती. मलाही नव्हती. त्यांच्या घरी दूरदर्शनच्या पडद्यावर ही अक्षरे मी लहानपणी पाहिली आहेत, पण तेव्हा मला त्या यंत्रावर खेळच खेळायचे होते.

२

आता अशा संहितेचे संपादन करायचे म्हणजे काय करायचे? सहज सुचणारे उत्तर असे, की कॅसेटीवरील सांकेतिक अंक वाचावेत, कोणता अंक कोणत्या अक्षरासाठी आहे हे कोष्टकावरून ताडून पाहावे आणि ओव्या आजच्या युनिकोड देवनागरीत उतरवून घ्याव्यात. हे लिप्यंतर मी करून घेतले. एम. ए.च्या एका विद्यार्थ्याने ते काम श्रद्धेने केले. पंधरा दिवसांनी प्रत हाती आली तेव्हा तीत अकरा ठिकाणी 'डोया'चा 'डोळा' झालेला होता. दोष विद्यार्थ्याचा म्हणावा तर त्याच्या कळफलकाने शब्द सुचविले होते, आणि कळफलकाचा म्हणावा तर त्याला प्रमाण मराठीच शिकविलेली होती. या चुका दुरुस्त करता आल्या. परंतु त्या दुरुस्त केल्यानंतरही एक गोष्ट परत येत नव्हती. युनिकोड प्रतीत 'डोया' ही लिहिणाऱ्याची निवड दिसते, कारण तिथे 'ळ' नेहमी हाताशी असतो. मूळ संहितेत 'डोळा' लिहिणे अशक्य होते. काय लिहिले एवढ्याने संहिता पुरी होत नाही. काय लिहिता येत नव्हते हाही तिच्या अर्थाचा भाग असतो, आणि हा दुसरा भाग लिप्यंतरात जात नाही. तो पाहायचा तर ते यंत्र चालताना पाहावे लागते.

यंत्र नाही. तेव्हा उरतो तो इम्युलेटर, म्हणजे आजच्या संगणकावर चालणारी अशी आज्ञावली, जी त्या जुन्या यंत्राप्रमाणे वागते. या क्रियेला मराठीत काय म्हणावे? 'अनुकरण' म्हटले तर नक्कल असा हिणकस अर्थ येतो. मी 'अनुकृती' हा शब्द योजतो, आणि तो योजताना श्रीशंकुकाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. रस हा अनुकृतिरूप आहे असे प्रतिपादन करताना शंकुकाने चित्रतुरगाचा दृष्टान्त दिला. चित्रातला घोडा पाहून 'हा घोडा' अशी जी प्रतीती येते ती सम्यक् नव्हे, मिथ्या नव्हे, संशयरूप नव्हे आणि केवळ सादृश्याचीही नव्हे. भट्टतौत आणि अभिनवगुप्त यांनी हा पक्ष खोडून काढला: नटाने ज्याला कधी पाहिले नाही त्या रामाचे तो अनुकरण कसे करणार? नाट्याच्या बाबतीत हा आक्षेप निरुत्तर करणारा आहे. यंत्राच्या बाबतीत तो लागू पडत नाही, कारण इथे अनुकार्य हे एक झेड-८० जातीचे चिप आहे, आणि त्याची प्रत्येक क्रिया कागदावर लिहून ठेवलेली आहे. एक फरक मात्र शंकुकाच्या दृष्टान्तात बसत नाही. नाट्यात नटाला पाहून प्रेक्षक 'हा राम' म्हणतो. इम्युलेटरसमोर बसलेल्या वाचकाला हे ते यंत्र नव्हे याची पूर्ण जाणीव असते. भ्रम होतो तो संहितेला. मामांचा प्रोग्रॅम आपण १९८८ सालच्या यंत्रावरच चाललो आहोत असे समजून निमूटपणे चालतो. जो फसला आहे तो बोलू शकत नाही आणि जो बोलू शकतो तो फसलेला नाही, अशी ही विलक्षण नाट्यस्थिती आहे. संपादकाची नैतिक जबाबदारी नेमकी इथे सुरू होते.

मराठीला ही स्थिती अगदीच नवी आहे असे नाही. म्हाइंभटाची 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत गेली आणि पुढे महानुभावांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. त्यामुळे आपल्यापाशी आज एक पाठ नसून अनेक पाठ आहेत. तेही एक प्रकारचे पुन्हा चालविणेच होते. तथापि तिथे ज्यांच्या स्मरणातून पाठ उभा राहिला ते पाठभेद नोंदविण्याइतके प्रामाणिक होते, अमक्याच्या मते असे आणि तमक्याच्या मते तसे असे ते सांगून ठेवीत. त्याच पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत कुलूपबंद केले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांचा उलगडा होईपर्यंत मराठीचे आद्य गद्य मराठी वाचकांपासून दूर राहिले. कुलपाने ग्रंथ राखला आणि कुलपानेच तो लपविला. पण त्या कुलपाची किल्ली जिवंत माणसांपाशी होती आणि त्यांच्याशी बोलता येत होते. आमच्या कुलपाची किल्ली कोणापाशी आहे, हा कायद्याचा प्रश्न आहे.

३

स्पेक्ट्रम यंत्राच्या पोटात सोळा किलोबाइटांची एक कायमची आज्ञावली असते, तिला रॉम म्हणतात. इम्युलेटर लिहिणे कायदेशीर आहे याविषयी आता फारसा वाद नाही. अमेरिकेत सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अपील न्यायालयाने २००० साली तसा निर्वाळा दिला, आणि आपल्याकडे १९९९ च्या दुरुस्तीने १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये आज्ञावलीच्या कार्याचे निरीक्षण, अभ्यास व परीक्षण करण्यास मुभा दिली. अडचण रॉमची आहे. ती एक स्वतंत्र साहित्यकृती आहे. 'साहित्यकृती' हा शब्द मी अलंकार म्हणून वापरीत नाही. १९८४ च्या दुरुस्तीपासून भारतीय कायद्याच्या व्याख्येप्रमाणे संगणकीय आज्ञावली ही साहित्यकृतीच आहे. कवितेला जेवढे संरक्षण तेवढेच तिला: कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे.

या सोळा किलोबाइटांचा मालक कोण? केंब्रिजच्या नाइन टाइल्स या छोट्या संस्थेत स्टीव्ह व्हिकर्स या गणितज्ञाने तिचा बराचसा भाग लिहिला. मालकी सिंक्लेअरकडे राहिली. एप्रिल १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय ॲमस्ट्रॅड कंपनीने पन्नास लाख पौंडांना विकत घेतला. २००७ साली ॲमस्ट्रॅड ब्रिटिश स्काय ब्रॉडकास्टिंग या दूरचित्रवाणी कंपनीने घेतली. म्हणजे मामांनी टिपलेली ओवी ज्या यंत्रात जन्मली त्या यंत्राचे अंतरंग आज एका दूरचित्रवाणी कंपनीच्या जुन्या खातेवहीत कुठेतरी नोंदलेले आहे, आणि तिथल्या कोणाला त्याची आठवण असेल असे मानण्यास आधार नाही. सुदैवाने ॲमस्ट्रॅडने १९९९ साली जाहीर सांगितले, की इम्युलेटरबरोबर ही रॉम वाटण्यास आमची हरकत नाही, मात्र तिच्यातील प्रताधिकाराची सूचना तशीच राहिली पाहिजे. म्हणून आज हे काम करता येते. परंतु ही कंपनीची कृपा झाली, हा वाचकाचा हक्क नव्हे. त्या काळातील इतर अनेक यंत्रांच्या वाट्याला अशी कृपा आलेली नाही. १९८४ साली सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पात ब्रिटनचा बीबीसी मायक्रो हा संगणक आपल्या देशातील शाळांत गेला. त्यांवर मुलांनी आणि शिक्षकांनी जे काही लिहिले असेल त्याचा मागोवा घेऊ इच्छिणाऱ्याला रॉमच्या मालकीचा शोध नव्याने घ्यावा लागेल.

ती अट मी पाळतो. त्यामुळे ओव्यांचा प्रोग्रॅम चालविण्याआधी, यंत्र सुरू होताच, पडद्याच्या तळाशी पहिली ओळ येते ती वर्तुळातील 'सी'ची, १९८२ या सालाची आणि सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड या नावाची. व्हिकर्सचे नाव तिथे नाही. त्यानंतर ओव्या येतात. त्यांवर कोणाचेच नाव नाही.

ग्रंथालयाला या कॅसेटी देऊन मोकळे व्हावे असे मला प्रथम वाटले होते. राजवाड्यांच्या निधनानंतर अवघ्या काही दिवसांत, १९२७ च्या जानेवारीत, ज्या गावात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले त्या धुळ्यात कागद राखण्याची परंपरा आहे. घरोघर हिंडून, दप्तरांच्या मालकांची मनधरणी करून साधने जमविणाऱ्या माणसाचे ते गाव. पण कागद राखणे आणि हे राखणे यांत कायदाच भेद करतो. २०१२ च्या दुरुस्तीने बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी कोणतीही कृती इलेक्ट्रॉनिक साधनाने साठविण्याची मुभा दिली, पण एका अटीवर: त्या कृतीची अंकीय नसलेली प्रत ग्रंथालयापाशी आधीपासून असली पाहिजे. कायदा करणाऱ्यांच्या नजरेसमोर छापील पुस्तक होते. जी कृती जन्मतःच अंकीय आहे, जिला कागदी पूर्वज नाही, ती या कलमाच्या दारातच अडते. वकिली बुद्धीचा एक मित्र मला म्हणाला, की कॅसेटीवरचा आवाज हा अंकीय नव्हेच. ती साधी ध्वनिफीत आहे, तेव्हा तुमचे ग्रंथालय कलमात बसते. युक्तिवाद चतुर आहे. मला तो पटला नाही, कारण आवाज साधा असला तरी त्यात जे बोलले जाते ते अंकांतच बोलले जाते. तथापि एका ओवीचे जतन वैध की अवैध हे किंकाळीच्या जातीवरून ठरावे, ही स्थिती कायद्यालाही शोभणारी नाही.

मामांचा प्रोग्रॅम हीदेखील कायद्याने साहित्यकृती, आणि तिचे हक्क वारसांकडे. मामी आणि दोन मुलगे. थोरला म्हणाला, वडिलांचे ते खेळणे होते, तुला हवे ते कर. धाकटा परदेशी असतो. त्याचे उत्तर आलेले नाही. कर्ता मृत किंवा अज्ञात असेल, अथवा मालक सापडत नसेल, तर प्रकाशनाची सक्तीची अनुज्ञप्ती मागण्याची सोय कलम ३१-अ मध्ये आहे. अर्जापूर्वी देशाच्या मोठ्या भागात खप असलेल्या इंग्रजी दैनिकात आपला प्रस्ताव प्रसिद्ध करावा लागतो. जात्यावरच्या अहिराणी ओवीवर कोणाचा दावा आहे काय, हे इंग्रजी दैनिकातून विचारायचे! ज्या बाईचा दावा असेल तिने तो अंक कसा आणि कोणाकडून वाचून घ्यावा याचा विचार कलमात नाही.

आणि इथे या साऱ्या कायदेशीर खटाटोपातील विसंगती उघडी पडते. सोळा किलोबाइटांच्या रॉमला मालक आहे, आणि तो दोनदा बदलला तरी त्याचा माग लागतो. मामांच्या ७६८ बाइटांच्या अक्षरांना मालक आहेत, त्यांतला एक पत्राला उत्तर देत नाही एवढेच. ज्या ओव्यांसाठी हे सारे झाले त्यांना मात्र कायद्याच्या दृष्टीने मालकच नाही. त्या कोणीही घ्याव्यात. यंत्राच्या दारात परवानगी मागता मागता आपण दमतो, आणि आत गेल्यावर ज्यांच्या घरात शिरलो त्यांना विचारायचेच विसरतो. बहिणाबाईंची गाणी सोपानदेवांनी व त्यांच्या मावसभावाने टिपून ठेवली, आणि १९५२ साली ती आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूप झाली, तेव्हा मुखपृष्ठावर त्या निरक्षर कवयित्रीचे नाव होते. मरणोत्तर प्रकाशनाचा साठ वर्षांचा हिशेब मांडला तर त्या संग्रहावरील प्रताधिकार २०१२ अखेर संपला; नाव संपले नाही, २०१८ मध्ये ते जळगावच्या विद्यापीठालाही मिळाले. हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी गोळा केलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांच्या संग्रहात गाणारीचे नाव आणि गाव नोंदविण्याची शिस्त आहे. मामांच्या कॅसेटीत ती नाही. त्यांनी फायलीला आपल्या आईचे नाव दिले आणि तिथेच थांबले.

४

व्यावहारिक अडचणींविषयी थोडक्यात सांगतो. कॅसेटींवर बुरशी होती. वाचनाच्या टोकाचा कोन एका बारीक स्क्रूने जुळवावा लागतो आणि तो केसभर चुकला तरी पडद्यावर 'टेप लोडिंग एरर' एवढेच शब्द येतात. पहिली कॅसेट पूर्ण वाचली गेली. दुसरीतील दोन तृतीयांश मजकूर हाती लागला. तिसरीवर घरातल्याच कोणीतरी कानबाईची गाणी ध्वनिमुद्रित केली होती. तीही ऐकण्यासारखी आहेत.

याहून मोठी अडचण सारे नीट चालल्यानंतर आली. इम्युलेटरवर ओव्या उमटल्या तेव्हा जवळजवळ प्रत्येक मात्रेखाली शिरोरेषा तुटलेली दिसत होती. कारण प्रोग्रॅम वाचल्यावर कळले. मामांनी आधी अक्षर आणि मग त्याच चौकटीवर मात्रा अशी दुहेरी छपाई केली होती. या यंत्राच्या नियमाप्रमाणे दोन ठिपके एकमेकांवर पडले तर दोन्ही नाहीसे होतात. मात्रा जिथे शिरोरेषेला टेकते तिथला ठिपका म्हणून पुसला जाई. गणिताच्या शिक्षकाला हे दिसले नसेल? माझ्या आठवणीत तर शिरोरेषा अखंड होती. उलगडा असा, की १९८८ सालच्या दूरदर्शन संचावर ठिपके एकमेकांत पसरत, आणि एका ठिपक्याची फट त्या धूसरपणात बुजून जाई. अक्षरे त्या धूसरपणासाठीच काढलेली होती. आजच्या पडद्यावर ठिपका काटेकोर असतो. अनुकृती यंत्राशी इतकी एकनिष्ठ निघाली, की यंत्राच्या बाहेर, संचाच्या काचेत, जे अक्षर पुरे होत असे ते अपुरे राहिले.

काही इम्युलेटरांत जुन्या पडद्याचा धूसरपणा कृत्रिमरीत्या आणण्याची सोय असते. ती वापरावी काय? वापरली तर वाचकाला मामांना अभिप्रेत असलेले अक्षर दिसते, पण तो धूसरपणा आमचा असतो, त्यांच्या संचाचा नव्हे. न वापरली तर बाइटांशी प्रामाणिकपणा राहतो आणि अक्षराशी द्रोह होतो. सुखटणकरांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत जे हस्तलिखितांत आहे ते आणि जे संपादकाच्या अनुमानाचे आहे ते वेगळे ओळखू येईल अशी व्यवस्था केली, तिचा आधार घेऊन मी दोन्ही रूपे ठेवली आहेत, आणि कोणते रूप कोणाचे हे वाचकाला प्रत्येक वेळी सांगितले जाते. संहिता फसली आहे; निदान वाचक फसू नये.

हे सारे मांडून झाल्यावर मी संगणक घेऊन धुळ्याला मामींकडे गेलो. त्यांना अक्षरे दिसत नाहीत, मोतीबिंदू आहे. मी वाचीत गेलो. चौथ्या की पाचव्या ओवीला त्यांनी मला थांबविले आणि गाऊन दाखविले. त्यांच्या गाण्यात चरणाच्या शेवटी 'माय' हे संबोधन होते. संहितेत ते नाही. असे पुढे अनेकदा झाले. घरी येऊन मोजले तर जिथे जिथे 'माय' गळली होती तिथे तिथे चरण बत्तीस चौकटी पुरत्या भरून गेलेला होता. ओळ मोडायला नको म्हणून मामांनी आईला केलेली हाक कापली होती. पाठचिकित्सेच्या परिभाषेत हा लेखनिकाचा लोप. पण असा लोप होण्याचे कारण एखाद्या पोथीत इतक्या निर्विवादपणे क्वचितच हाती लागते, आणि इथे तेही केवळ अनुकृतीमुळे लागले. युनिकोड प्रतीत ओळ हवी तेवढी लांब जाते. तिथे हा लोप लोप म्हणून दिसलाच नसता, ओवीचे एक वेगळे रूप म्हणून शांतपणे नांदला असता.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती अधिक अवघड होती. एका ओवीपाशी थांबून त्या म्हणाल्या, "हाई ते मनी मायनी ओवी शे." मग आणखी काही ओव्यांविषयीही तसेच म्हणाल्या. फायलीला नाव सासूचे; पण लग्न होऊन येताना त्यांनी माहेराहून आणलेल्या ओव्या मामांनी त्याच फायलीत घातल्या होत्या, विचारून की न विचारता हे त्यांना आठवत नव्हते. चाळीसएक ओव्यांना त्यांनी आपल्या आईचे नाव आणि गाव सांगितले. त्यावर सासरकडच्या एका वृद्ध नातेवाईक बाईंनी हरकत घेतली, की या ओव्या सगळ्या खानदेशात म्हणतात, त्या कोणा एकीच्या कशा? दोघींचेही म्हणणे खरे आहे. कायद्याच्या भाषेत मालकी एकाची असते किंवा भागीदारीत असते. गाताना स्वतःची आणि गाऊन झाल्यावर सगळ्यांची अशी मालकी तिथे मांडता येत नाही. मी मामींचे म्हणणे त्यांच्या नावाने आणि त्या बाईंची हरकत त्यांच्या नावाने, दोन्ही संपादकीय नोंदीत घेतली आहेत. नोंदीचा मसुदा दोघींना वाचून दाखविला, मामींनी दोन शब्द बदलावयास लावले. त्या कंपनीची सूचना जशी पडद्यावर राहते तशीच ही नोंदही प्रत्येक वेळी प्रोग्रॅम सुरू होण्यापूर्वी उमटावी, असे मी ठरविले आहे. ॲमस्ट्रॅडच्या अटीत त्याला प्रतिबंध नाही.

ही नोंद मामांच्याच अक्षरांत उमटवावी असा माझा प्रयत्न होता. तो जमला नाही, कारण मामींच्या माहेरच्या गावाच्या नावात 'ळ' आहे. कोष्टकात एक जागा रिकामी करून तो घालता आला असता. तशी कृती मात्र मूळ संहितेत हात घालण्याची झाली असती. मामींना विचारले. त्या गावाला त्या 'य' घालूनच म्हणतात. नोंदीत तसेच ठेवले. पहिल्या कॅसेटीच्या अखेरीस मामांनी दिनांक घालून आपल्या गावाचे नाव लिहिले आहे ते 'धुये' असे. संपादित प्रत परीक्षणासाठी एका विद्वान सहकाऱ्याकडे पाठविली होती. ती परत आली तेव्हा त्या शब्दाखाली लाल रेघ होती आणि समासात 'मुद्रणदोष' असे लिहिले होते.